भोपळ्याची फुले का गळतात?

पावसाळ्यात पालकभेटीच्या दिवशी आमच्यापुढे एक तक्रार हमखास येते : परसातला लाल भोपळा फुलांनी भरला, परंतु फळ धरत नाही. मग कोणी युरियाची मूठ टाकतो, कोणी दुकानातले औषध फवारतो. हे दोन्ही उपाय वेलीच्या मुळावर येणारे आहेत. रामवाडीच्या आवारात वसतिगृहाच्या भाजीसाठी वेल लावताना विद्यार्थ्यांना जे शिकविले, ते येथे मांडत आहोत.

एकाच वेलीवर नरफुले व मादीफुले वेगवेगळी असतात. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली बोराएवढा भोपळा आधीच दिसतो. नरफूल नुसत्या लांब देठावर उभे असते. आरंभी काही दिवस बहुधा नरफुलेच येतात, एक सकाळ उमलतात आणि गळतात. हा रोग नव्हे. नत्र अधिक झाल्यास मात्र पानांचा माज वाढतो व मादीफुले लांबतात.

फूल पहाटे उमलते, दुपारच्या आत मिटते. तेवढ्या अवधीत मधमाशीने पराग पोहोचविला तरच फळ धरते, नाहीतर ते पिवळे पडून गळते. पराग जड व चिकट, म्हणून वाऱ्याचा उपयोग नाही. झडीच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. तेव्हा सकाळी आठच्या आत ताज्या नरफुलाच्या पाकळ्या काढून आतला दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवावा. सातवीच्या मुली हे काम आम्हा शिक्षकांपेक्षा सफाईने करतात. उरलेल्या नरफुलांची भजी करण्यास हरकत नाही.

इतिहास शिकविणाऱ्यांची खोड म्हणून सांगतो : हा भोपळा मिरची-बटाट्याप्रमाणे अमेरिका खंडातून आलेला. त्याला छळणारी फळमाशी मात्र आशियातलीच. ती कोवळ्या फळाला टोचून सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, फळ वाकडे होऊन सडते. फुलोऱ्यात सकाळी विष फवारले तर फळाच्या आतली अळी सुरक्षित राहते, मरते ती मधमाशी. आणि तेच विष मुलांच्या ताटात येते. त्याऐवजी फळ धरताच त्याला कागदी पिशवी बांधावी. किडकी फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा अनेकांनी आंब्यात पाहिला असेल. वेलवर्गीय भाज्यांसाठी त्यात ‘क्यू ल्यूर’ हे आमिष लागते. त्यात केवळ नरमाश्या सापडतात, म्हणून सापळा फुलोऱ्याच्या आरंभीच टांगावा.

पहिले शील घेतलेल्यांनी माशी मारावी काय, असे एका विद्यार्थ्याने विचारले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे, तो आम्ही वर्गात वाचून दाखविला. वाद तरीही तासभर चालला, आणि चालावा.

तांबडे भुंगेरे रोपाची पहिली पानेच चाळणीसारखी करतात. पहाटे ते सुस्त असतात. वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. दंव असताना पानांवर चुलीची राख धुरळण्याची आपल्या आज्यांची रीतही चांगली. फवारणी करावीच लागली तर सायंकाळी, फुले मिटल्यावर, निंबोळी अर्काची : कुटलेल्या ५० ग्रॅम निंबोळ्या १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळाव्यात. वेल काढल्यावर खालची माती खणून उन्हात तापवावी, कारण भुंगेऱ्याच्या अळ्या व फळमाशीचे कोष तिच्यातच असतात. पुढच्या हंगामात त्या जागी काकडी किंवा दोडका न लावता चवळी लावावी.