नव्या ई-ट्रकमधील गळती

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या नव्या छोट्या मालट्रकच्या केबिनमध्ये पावसाचे पाणी शिरते. वारंवार दुरुस्ती करूनही गळती थांबत नाही. काय करावे?

उत्तर : पाणी जिथे साचते तिथूनच ते शिरलेले असते असे नाही, समोरच्या काचेच्या कडेने आलेला ओघळ आतल्या पत्र्याआडून उतरून पायाखालच्या मॅटखाली जमतो, आणि म्हणूनच दाराचे रबर बदलूनही गळती कायम राहते. आतील आच्छादन काढून, बाहेरून पाण्याचा पाइप खालून वर क्रमाने फिरवीत, आत टॉर्च घेऊन बसलेल्या माणसाने पहिला थेंब टिपणे हीच खरी तपासणी होय; ती न करता गाडी परत देणे अक्षम्य आहे. बॅटरीच्या पेटीला बहुधा आयपी ६७, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारे, संरक्षण असते. केबिनमधील वायरजोडण्यांना ते असेलच असे नाही.

प्रत्येक खेपेचे जॉबकार्ड, म्हणजे तक्रारीची व कामाची लेखी नोंद, घ्यावे आणि त्यावर ‘पाणी गळते’ असेच लिहून घ्यावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही दाद न मिळाल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते. ट्रक केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतला असल्यास मालक ‘ग्राहक’च ठरतो.