पावसाळ्याच्या तोंडावर परसातील कोंबड्यांसाठी प्रथमोपचार पेटी

मृग नक्षत्रापासून हस्तापर्यंतचे चार महिने परसातील कोंबड्यांना वर्षात सर्वांत जड जातात. ओलसर जमिनीत परोपजीवी जंतू वाढतात, डबक्यांतले डास देवी रोगाचा विषाणू एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतात, माशा उघड्या जखमेत अंडी घालतात; आणि नेमक्या याच काळात ओढ्याला पाणी आले की वाडीवरून पशुवैद्यकीय दवाखान्याकडे जाणारा रस्ता बंद होतो. दहा-वीस गावरान, गिरिराज किंवा वनराज पक्षी पाळणाऱ्या कुटुंबाने त्यामुळे पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वीच प्रथमोपचाराची पेटी भरून ठेवावी. प्रथमोपचार म्हणजे रोग बरा करणे नव्हे. रक्तस्राव थांबवणे, जखम स्वच्छ राखणे, पक्ष्याला ऊब व पाणी देणे आणि त्याला कळपापासून वेगळे करणे एवढेच त्याचे काम असून, पशुवैद्यकाची मदत मिळेपर्यंतचे काही तास त्यातून निभावून न्यायचे असतात.

या तयारीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू पेटीत मावत नाही. ती म्हणजे आजारी पक्ष्यासाठी आधीच राखून ठेवलेली वेगळी जागा. कोंबडी आपला आजार शक्य तितका लपवते, आणि तो उघड दिसू लागतो तेव्हा बराच वेळ गेलेला असतो. शिवाय रक्त दिसताच इतर कोंबड्या त्याच जागी चोची मारतात, त्यामुळे लहानशी जखमही तासाभरात जीवघेणी ठरू शकते. एखादे मोठे डालगे किंवा भोके पाडलेले खोके घराच्या कोरड्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात मांडावे आणि त्यात भाताचे तूस न घालता जुने वर्तमानपत्र अंथरावे, कारण कागदावर विष्ठा स्पष्ट दिसते. विष्ठा हिरवी आहे, चुन्यासारखी पांढरी व पातळ आहे की तिच्यात रक्त आहे, यावरून पशुवैद्यकाला पुष्कळ गोष्टी कळतात. वेगळ्या ठेवलेल्या पक्ष्याचे दाणापाणी निरोगी पक्ष्यांचे आटोपल्यावर सर्वांत शेवटी करावे आणि त्यानंतर हात साबणाने धुवावेत.

जखमेसाठी लागणारे साहित्य थोडे आहे: निर्जंतुक गॉझ, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण, रबरी हातमोजे, जुना मऊ टॉवेल आणि मीठ. १ लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा मीठ विरघळवले की शरीरातील द्रवांइतकेच खारट द्रावण तयार होते आणि ते कोमट झाल्यावर जखम धुण्यास उत्तम ठरते. जखमी पक्ष्याला टॉवेलमध्ये गुंडाळताना एक काळजी घ्यावी लागते. माणसाच्या छाती व पोटाच्या मध्ये श्वासपटल, म्हणजे श्वास आत ओढणारा स्नायूचा पडदा असतो. कोंबडीला तसे पटल नसते, आणि छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच तिच्या शरीरात हवा खेळते. म्हणून पंख टॉवेलने अलगद दाबून धरावेत, परंतु छातीवर पकड घट्ट होऊ देऊ नये. घाबरलेला पक्षी निसटू नये म्हणून आवळून धरला, तर तो हातातच गुदमरतो.

मुंगूस, कुत्रा किंवा मांजराने धरलेल्या कोंबडीच्या अंगावर वरून दोन-तीन बारीक छिद्रेच दिसतात. पिसे बाजूला सारून आणि जखमेभोवतीची पिसे कातरून पाहिल्यावर मात्र पातळ कातडी आतल्या मांसापासून सुटलेली आढळते, आणि दातांवरचे जंतू तिच्याखाली खोल गेलेले असतात. अशी जखम मिठाच्या द्रावणाने भरपूर धुवावी, पाणी घालून फिकट चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावी, कारण ती बाहेरून सुकत असतानाच आत पू धरते. माशा बसून अळ्या पडल्या असतील, तर चिमट्याने एकेक अळी काढून पुन्हा धुवावे. नख तुटून रक्त येत असेल, तर तुरटीची बारीक पूड चिमूटभर दाबून धरली तरी ते बहुधा थांबते.

थकलेल्या पक्ष्यासाठी ओआरएसची, म्हणजे तोंडावाटे द्यायच्या क्षार व साखरेच्या मिश्रणाची दोन-तीन पाकिटे आणि सुई नसलेली लहान सिरिंज पेटीत असावी. पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या मापात फेरफार करू नये आणि विरघळवलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये. पाणी पाजण्याची रीत मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण या एकाच कामात सर्वाधिक पक्षी नकळत दगावतात. कोंबडीची चोच उघडून पाहिली तर जिभेच्या अगदी मुळाशी, मधोमध, एक उभी चीर उघडझाप करताना दिसते. ते श्वासनलिकेचे तोंड होय. सिरिंजमधून जोराने सोडलेले पाणी थेट त्या चिरेत जाऊन फुप्फुसात उतरते. त्यामुळे चोच बंदच ठेवून तिच्या कडेवर एकेक थेंब सोडावा, पक्षी तो स्वतः गिळेपर्यंत थांबावे, आणि जो पक्षी मान सावरू शकत नाही किंवा गिळत नाही त्याला तोंडावाटे काहीही देऊ नये.

पावसाळ्यात पिलांचे आणि तलंगांचे सर्वाधिक नुकसान करणारा आजार म्हणजे रक्ती हगवण. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे तो होतो. विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंड्यासारखी बीजे उबदार व ओलसर तुसात एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ती सहसा दाद देत नाहीत. म्हणून तूस कोरडे ठेवणे हाच खरा बंदोबस्त. पिले पंख पाडून एकत्र गोळा होऊन बसली आणि विष्ठेत रक्त दिसले, तर औषधाला उशीर चालत नाही. यासाठी अँप्रोलियमची पूड पेटीत असणे योग्य ठरते, मात्र तिची मात्रा पशुवैद्यकाकडून आधीच विचारून, वजनाच्या आकड्यासह, डब्यावर लिहून ठेवावी. हे औषध परोपजीवीला जीवनसत्त्व ब-१ मिळू देत नाही, आणि त्यावरच त्याचा सारा परिणाम अवलंबून आहे. अनेक पालक शक्ती यावी म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स मिसळतात, त्यामुळे औषधाचा परिणाम घटतो. जीवनसत्त्वे द्यायची ती औषधाचे दिवस संपल्यावर.

अंडे अडकलेली कोंबडी शेपटी खाली सोडून पेंग्विनसारखी उभी राहते व वारंवार जोर करते. तिला पोटापर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवून नंतर अंधाऱ्या उबदार जागी ठेवावे. अंडे आत फोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

पेटीत काय ठेवू नये, याचा विचारही तितकाच काटेकोर असावा. शेजाऱ्याकडे उरलेली प्रतिजैविके, म्हणजे जिवाणू मारणारी औषधे, अंदाजाने पाजण्याची सवय घातक आहे, कारण त्यांचा अंश अंड्यात उतरतो आणि घरातली मुले तीच अंडी खातात. औषध थांबवल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हा काळ प्रत्येक औषधाचा वेगळा असतो आणि तो पशुवैद्यकच सांगू शकतो. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा आधार मानले जाणारे प्रतिजैविक असल्याने केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता त्याची निर्मिती व विक्री बंद केली आहे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही पेटीबाहेर असाव्यात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

राणीखेत म्हणजेच मानमोडी रोगावर कोणताही प्रथमोपचार नाही. लस हाच उपाय आहे. पिलांना साधारण ५ ते ७ व्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि ८ ते १० आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन दिले जाते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, म्हणून ती पेटीत ठेवायची वस्तू नव्हे. लसीकरणाच्या तारखांचा कागद मात्र झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असावा. पेटी घट्ट झाकणाची, कोरड्या जागी, कीटकनाशकांपासून दूर आणि मुलांच्या हाती न लागेल अशी ठेवावी. दमट हवेत गोळा झालेली ओआरएसची पाकिटे व मुदत संपलेली औषधे मृग लागण्यापूर्वी काढून टाकावीत.

एका प्रसंगी ही पेटी उघडूच नये. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी पटापट मेले, तुरे निळे-जांभळे पडले किंवा तोंड सुजले, तर बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरावी. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ मध्ये भारतातील या रोगाचा पहिला उद्रेक झाला आणि २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा आढळला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नये, ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, उरलेले पक्षी व अंडी विकू अथवा वाटू नयेत, आणि १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. तपासणीचे नमुने पशुसंवर्धन विभागाचे कर्मचारीच घेतात. ते येईपर्यंत उरलेले पक्षी खुराड्यात बंद ठेवून मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.