ओल येते कुठून?

शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडे, पाऊस फार. जमीन चढउताराची. तिथे काही घरे उताराची माती कापून बांधलेली असतात. पुढून घर उंच दिसते. मागची खोली मात्र जमिनीत रुतलेली. ती अर्धे तळघरच!

अशाच एका घरातली ही गोष्ट. आषाढ महिना होता. मागच्या खोलीत भाताची पोती रचली होती. एके सकाळी खालचे पोते उचलले, तर बूड ओले. भाताला बुरशी आलेली. वर्षाचे खाणे वाया जायची वेळ आली.

आक्का म्हणाल्या, "खालनं झरा लागलाय. आतनं सिमेंट थापून टाका."

गवंडी म्हणाले, "थांबा आक्का. आधी बाहेर जाऊन बघू या."

पोत्याची खोळ घेऊन दोघे घरामागे गेले. काय दिसले? छपराच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडत होत्या. तिथे लांब खळगा पडला होता. उतारावरचे पाणीही वाहत येऊन त्याच खळग्यात साठत होते. शेजारी भिंतीला टेकून उकिरडा होता.

"बघा, हाच तुमचा झरा!" गवंडी म्हणाले.

छपरावर पाणी पडते तरी किती? आपण हिशेब करू. छप्पर 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद आहे. एक इंच पाऊस पडला, तर त्यावर सुमारे 1400 लिटर पाणी पडते. म्हणजे 15 लिटरच्या 90 हून जास्त घागरी! त्यातल्या निम्म्या मागच्या भिंतीशी ओतल्या जातात. मग भिंत कोरडी कशी राहील?

आता मातीचे पाहू. मुरमातून पाणी लवकर निघून जाते. काळी माती पाणी धरून ठेवते. ती भिजली की फुगते आणि भिंतीला रेटते. उन्हाळ्यात वाळली की तिला भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट पायापर्यंत जाते. दिव्याची वात तेल वर ओढते ना? तशीच मातीची भिंत ओल वर ओढते.

आपल्याच सांगली जिल्ह्यात हरिपूर गाव आहे. तिथे कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. तिथल्या लोकांनी जमिनीत खोल पेवे खणली. पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार. मातीच्या गुणामुळे पेवे कोरडी राहत. त्यांत हळद वर्षानुवर्षे टिके. पण 2005 साली महापूर आला. पाणी पेवांत शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. चांगली माती असली, तरी वरून लोंढा आला की तिचे काही चालत नाही.

आक्कांनी विचारले, "मग सिमेंटानं भागणार न्हाई?"

"न्हाई. आतनं थापलं की ओल झाकते, जात न्हाई. पाणी भिंतीतच ऱ्हातं आणि भिंत आतनं मऊ पडते. पाणी बाहेरच वळवाय पाहिजे."

पाऊस उघडल्यावर घरच्यांनी चार कामे केली.

1. मागच्या छपराला पन्हळ लावली. तिचे पाणी घरापासून लांब सोडले.

2. खळगा बुजवला, माती चोपली. भिंतीपासून बाहेर उतार दिला. सहा फुटांत चार इंच तरी उतार हवा.

3. वरच्या अंगाला, भिंतीपासून लांब, चर खणला. त्याची दोन्ही टोके उताराकडे काढली. भिंतीला चिकटून चर खणू नये. पाया उघडा पडतो.

4. उकिरडा लांब नेला.

पुढच्या वर्षी मृगाआधी चर पुन्हा साफ केला. पोती फळ्यांवर ठेवली. आषाढात आक्कांनी खालच्या पोत्याला हात लावून पाहिला. बूड कोरडे होते.

लक्षात ठेवा : ओली भिंत फुगली, कलली किंवा तिला नवी भेग पडली, तर तिच्याजवळ झोपू नका. माणसे, गुरे लगेच बाहेर काढा. धान्य पुन्हा पिकेल. माणूस परत मिळत नाही.

सांगा पाहू :
तुमच्या छपराचे पाणी कुठे पडते?
तुमच्या घराभोवती माती कोणती आहे?
उतारावरचे पाणी कोणत्या वाटेने जाते?

येत्या पावसात बाहेर जाऊन स्वतः पाहा.