'घरी न्या, सेवा करा' म्हटल्यावर

आईच्या गालाचा कर्करोग मानेत उतरला, तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." आम्ही फाईल पिशवीत घातली आणि निमगाव केतकीची वाट धरली. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढचे पाच आठवडे तिनं जे सोसलं, ते त्या न विचारलेल्या प्रश्नापायी.

गावात इंजेक्शन मिळायचं. दोन-तीन तास बरं जायचं, मग पुन्हा तेच. रात्री लाईट आली की मी उसाला पाणी द्यायला जायचो. परत येऊन बघावं तर आई जागीच. तिला बोलता येत नव्हतं. बाजेची नवार मुठीत आवळून पडायची. एका बाजूची नवार विरून दोरे निघाले होते, ते बायकोनं बॅटरी धरून मला दाखवलं.

मॉर्फिनचं नाव एका डॉक्टरांनी आधी काढलं होतं. भावकीतले म्हणाले, "अफूच ती. सवय लागंल, माणूस लवकर जातं." मी ऐकलं. ज्या माणसाचे दिवस मोजके उरलेत, त्याला सवयीच्या भीतीनं कळा सोसायला लावल्या. ही चूक माझी आहे आणि ती कुणी पुन्हा करू नये.

शेवटी तिला पुण्यातल्या वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला नेलं. १९९७ पासून तिथं कर्करोगाच्या रुग्णांची सेवा मोफत होते आणि घरच्या माणसालाही शिकवतात. आठ दिवसांत बायको नळीतून पेज द्यायला शिकली, जखम धुवायला शिकली. जखमेच्या वासानं मावशी पदर नाकाला लावून उंबऱ्यातच थांबायची आणि आई भिंतीकडे तोंड फिरवायची. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकायला सांगितली. तीन-चार दिवसांत वास उतरला आणि मावशी बाजेवर येऊन बसली. माझ्या लेखी ते औषध मॉर्फिनइतकंच मोठं.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. म्हणून ती घड्याळ लावून द्यायची, कळ उठायची वाट बघायची नाही. पोट हमखास बांधतं, तेव्हा जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. डोस आपल्या मनानं वाढवू नका, एकदम बंदही करू नका. योग्य मात्रेत दिलेल्या गोळीनं माणूस लवकर जात नाही. गोळी सुरू झाली त्या रात्री आई झोपली, तिची मूठ उघडी होती.

२०१४ साली कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी साध्या मेडिकलात ते सहसा मिळत नाही. बारामती-इंदापूरच्या लोकांनी आधी इथल्याच सरकारी रुग्णालयात पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, सेवेची चौकशी करावी, पुण्याचा हेलपाटा वाचला तर बरंच. आणि मोठ्या दवाखान्यातून निघताना, फाईल पिशवीत घालायच्या आधी, डॉक्टरांना बसवून विचारा: कळ वाढली तर काय द्यायचं, रात्री फोन कुणाला करायचा, शेवट जवळ आला हे कसं ओळखायचं. उत्तरं त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या.

आईला घरी आणताना आम्हाला वारज्यात सांगितलं होतं, शेवटी घशात घरघर होते, ती ऐकणाऱ्याला जास्त जाचते. म्हणून शेवटच्या रात्री पुतण्या गाडी घेऊन दारात आला, "काकी, निदान बारामतीला तरी नेऊ" म्हणाला, तेव्हा बायको बाजेजवळून उठली नाही. तिनं आईला कुशीवर वळवलं, ओठ ओल्या कापसानं पुसले. पुतण्याला म्हणाली, "गाडी बंद कर आन् पाय चेप त्यांचे." तो पहाटेपर्यंत पाय चेपत बसला.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, त्यासाठी दवाखान्याची फाईल जपून ठेवा. मॉर्फिनच्या सत्तावीस गोळ्या उरल्या होत्या. तेराव्यानंतर त्या मोजून, जिथून आणल्या तिथं परत दिल्या. घरात ठेवायच्या नसतात.