कशाबद्दल गप्प?

पालकहो, सहावीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता, ‘रेटिसंट’. पालकसभेनंतर तिची आई थांबली. “बाई, मोबाइलवर अर्थ पाहिला. घुमी आहे, असंच ना?” मुलगी शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली, आणि मला माझ्याच शेऱ्याची लाज वाटली.

‘घुमा’ म्हणताना आपल्याला संशय असतो, आत काहीतरी शिजतंय असा. ‘मुखदुर्बळ’मध्ये कमीपणा आहे, ‘शिष्ट’मध्ये राग. रेटिसंटमध्ये यातलं काही नाही. लॅटिनमध्ये ‘टाकेरे’ म्हणजे गप्प राहणं. तिथून हा शब्द आला. मनातलं चटकन बाहेर न काढणारा, एवढाच त्याचा अर्थ. आपला ‘अबोल’ त्याच्या जवळचा, पण अबोल माणूस एकूणच कमी बोलतो. रेटिसंट माणूस क्रिकेटवर तासभर बोलेल आणि स्वतःविषयी विचारलंत की विषय बदलेल. म्हणून इंग्रजीत या शब्दापुढे बहुधा ‘अबाउट’ येतं: अमक्या गोष्टीबद्दल रेटिसंट. (हल्ली तो ‘अनुत्सुक’ या अर्थानंही वापरतात. मी मुलांना तसा वापरू देत नाही.)

ते ‘अबाउट’ मी लिहिलंच नव्हतं, कारण कशाबद्दल ते मी कधी शोधलंच नव्हतं. आई म्हणाली, घरी ती धाकट्या भावाला रोज नवी गोष्ट रचून सांगते. म्हणजे बोलणं होतं; माझ्या वर्गात त्याला जागा नव्हती.

ती जागा कशी करायची? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गातली संभाषणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. ते ३ सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणं कमी झालं. मी मनात आकडे मोजायला लागले. ३ सेकंद फार लांब वाटतात हो! घरी पाहुण्यांसमोर आपण तेवढेही थांबत नाही. “काकांना नाव सांग” म्हणतो आणि आपणच सांगून टाकतो.

मात्र घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ तोंडच उघडत नसेल, शाळेचा पहिला महिना सोडून, तर त्याला स्वभाव म्हणू नका. सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाची, चिंतेतून येणारी अडचण असू शकते, बालमानसतज्ज्ञांना भेटा. आणि बडबडं मूल अचानक मिटलं, तर हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ बसा.

त्या मुलीचा पुढच्या सत्राचा शेरा मी मराठीत लिहिला. ‘गोष्टी सुंदर रचते. उत्तर विचार करून देते, तोवर मी थांबते.’