नेम आपला, आग्रह कोणावर?

वारकरी घरांतून एक प्रश्न वरचेवर निघतो. दिसायला तो साधा आहे, पण त्यापायी घरातली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. घरातल्या एकाने तुळशीची माळ घातली, एकादशी धरली, पंढरीची वारी सुरू केली. तर बाकीच्यांनीही तसेच वागले पाहिजे की नाही? एक पक्ष म्हणतो, धर्म म्हटला की ढिलाई चालायची नाही. दुसरा म्हणतो, अहो, ही माणसे धर्म फारच मनावर घेतात, आणि आपला नेम दुसऱ्याच्या माथी मारतात. या दोन बोलण्यांत खरे किती आणि अपुरे किती, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

पूर्वपक्ष

आग्रही माणसाची बाजू आधी नीट ऐकून घ्यावी. तो म्हणतो, "मूल आपणहून शाळेत जात नाही, त्याला हात धरून न्यावे लागते. औषध कडू आहे म्हणून आजाऱ्याच्या मर्जीवर कोणी सोडीत नाही. हरिनाम तर भवरोगाचे औषध. ते बायकोपोरांना थोड्या सक्तीने दिले तर कुठे बिघडलं? आज सैल सोडले तर उद्या घरात माळ राहणार नाही आणि हरिपाठही राहणार नाही."

या बोलण्यात काळजी आहे, प्रेमही आहे. म्हणून त्याला हसून वाटेला लावणे बरे नाही. पण यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. धर्म मनापासून घेणे ही एक गोष्ट, आणि तो दुसऱ्यावर लादणे ही दुसरी. पहिलीत दोष नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पावसापाण्यात पायी चालणारा वारकरी धर्म किती मनावर घेतो! त्याच्या त्या चालण्याने कोणाला इजा होत नाही. आपल्या संप्रदायाची भाषाच पाहा ना. आपण म्हणतो, माळ घालून घेतली, एकादशी धरली, वारी पत्करली. धरणारा आपण, घेणारा आपण. "शेजाऱ्याला एकादशी धरविली" असे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर ऐकणारा चमकून त्याच्या तोंडाकडे पाहील.

औषधाच्या दृष्टान्ताचेही असेच आहे. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही, आणि एकाची मात्रा दुसऱ्याला देत नाही. दृष्टान्त घ्यायचा तर पुरता घ्यावा.

गीतेचा निवाडा

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. अठराव्या अध्यायात भगवंतांचा उपदेश संपत येतो. समोर अर्जुन आहे, सखा आहे, शिष्य आहे, शरण आलेला आहे. सांगणारा साक्षात परमात्मा. आज्ञा करण्याचा अधिकार याहून मोठा कोणाचा असणार? तरी त्रेसष्टाव्या श्लोकात भगवान म्हणतात की, हे गूढ ज्ञान मी तुला सांगितले. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. सर्व सामर्थ्य असूनही देवाने अर्जुनाची इच्छा मोकळी ठेवली. मग आपण, ज्यांना स्वतःचा नेमसुद्धा धड सांभाळता येत नाही, त्यांनी दुसऱ्याची इच्छा बांधून टाकावी काय?

पुढे सदुसष्टाव्या श्लोकात, हा उपदेश कोणाला सांगू नये, हे सांगितले आहे. त्यात ज्याला ऐकण्याची इच्छा नाही तोही येतो. इच्छा नसलेल्याच्या कानात ज्ञान ओतावे, असे गीता म्हणत नाही.

सतरावा अध्याय याहून कडक आहे. दंभाने आणि अहंकाराने घोर तप करून जे शरीराला कष्टवितात, ते अंतरी असलेल्या मलाही कष्टवितात, असे भगवान म्हणतात. अशांचा निश्चय आसुरी होय. त्याच अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगताना, मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस ठरविले आहे. म्हणजे उपवास तोच, जप तोच; पण त्यामागे हट्ट आणि परपीडा आली की त्याची जातच बदलते.

अंबरीष आणि दुर्वास

हीच गोष्ट भागवताच्या नवव्या स्कंधात कथेने सांगितली आहे. राजा अंबरीषाने वर्षभर द्वादशीव्रत केले. त्याची राणीही या व्रतात होती, आणि तिची वृत्ती राजासारखीच होती असे भागवत मुद्दाम सांगते. तिला ओढून बसविले नव्हते.

पारण्याच्या दिवशी दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले, भोजनाचे आमंत्रण घेतले आणि यमुनेवर स्नानाला गेले. इकडे द्वादशी सरत आली. पारणे न करावे तर व्रताला उणेपणा येतो, आणि अतिथीच्या आधी जेवावे तर त्याचा अवमान होतो. राजाने ब्राह्मणांना विचारले आणि नुसते पाणी घेतले. पाणी घेणे हे खाल्ल्यासारखेही आहे आणि न खाल्ल्यासारखेही. व्रतही राहिले, अतिथीचा मानही राहिला.

दुर्वास परतले. त्यांना हे कळले मात्र, संताप अनावर झाला. जटेतून कृत्या उत्पन्न करून त्यांनी राजावर सोडली. सुदर्शनाने ती जाळली आणि ते ऋषींच्याच पाठीस लागले. ब्रह्मदेव झाले, शंकर झाले, शेवटी वैकुंठ गाठले. भगवान म्हणाले, मी भक्तांच्या अधीन आहे, अंबरीषाकडेच जा. दुर्वास परत आले तोवर वर्ष लोटले होते. राजा अजून जेवला नव्हता! अतिथी उपाशी गेला म्हणून तो पाण्यावर राहिला होता. आणि त्याने काय मागितले? या ऋषीचे कल्याण व्हावे, एवढेच.

आता दोघांना शेजारी उभे करून पाहा. तपाने दुर्वास थोडे नव्हते. पण त्यांचा नियम दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवून होता. अंबरीषाचा नियम स्वतःपुरता होता, म्हणून तो कडक असूनही कोणाला टोचला नाही. देव कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे भागवताने लपविलेले नाही.

नाथांच्या घरची गोष्ट

कोणी म्हणेल, या पुराणातल्या गोष्टी, आमच्या प्रपंचाशी त्यांचा काय संबंध? तर पैठणास चला. महिपतींनी श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र गाइले आहे, त्यात बाप आणि मुलगा यांचा प्रसंग आहे.

नाथांचे चिरंजीव हरिपंडित मोठे विद्वान होते आणि आचाराला कडक होते. वडिलांचे मराठीत पुराण सांगणे, कोणाच्याही घरी प्रेमाने जेवणे, हे त्यांना रुचेना. ते घर सोडून काशीस गेले. नाथ त्यांना आणावयास स्वतः काशीस गेले. मुलाने दोन अटी घातल्या: मराठीत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी त्या मान्य केल्या. ज्यांनी भागवत मराठीत आणले, त्यांनी मुलाच्या शब्दाखातर मराठी पुराण थांबविले!

पैठणास आल्यावर हरिपंडित स्वतः पुराण सांगू लागले. विद्वत्ता काही कमी नव्हती. पण श्रोते हळूहळू गळू लागले. ज्या वाड्यात बसायला जागा मिळत नसे, तो ओस दिसू लागला. कोणी भांडले नाही, निषेध केला नाही. लोक यायचे थांबले, इतकेच.

पुढे एका गरीब बाईने सहस्रभोजनाचा संकल्प सोडविण्यासाठी नाथांना बोलावले. हजार पाने वाढण्याची तिची ऐपत राहिली नव्हती. एक नाथ जेवले की हजार ब्राह्मण जेवले, असे तिला कोणी सांगितले होते. परान्नाचा दोष लागू नये म्हणून हरिपंडितांनी तिच्या घरी स्वतः स्वयंपाक केला. भोजन झाले. हरिपंडित पत्रावळ उचलू लागले, तो खाली दुसरी. ती उचलावी तो तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या आणि पंडितांचा अभिमान गळून पडला.

चमत्काराकडे ज्याने त्याने आपल्या भावाप्रमाणे पाहावे. आपल्याला घ्यावयाचे ते असे, की हरिपंडितांना अटी मिळाल्या, पण श्रोते गेले. सक्तीचे असेच आहे. तोंडाने होकार मिळतो आणि मन उठून जाते. घरातही बाप ओरडला की पोरे हरिपाठाला येऊन बसतात. पण बाप गावाला गेला की टाळ खुंटीवरून खाली येत नाही. आणि नाथांकडे पाहावे तर त्यांनी मुलावर उलट सक्ती केली नाही. वाट पाहिली. मुलगा वळला तो त्या वाट पाहण्याने.

दार कोणी लावले?

घरात ही वृत्ती एकदोघांना रडविते, समाजात शिरली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रडविते. श्रीचोखोबांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यांचे अभंग आपण कीर्तनात गातो, त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ आहे. आणि अस्पृश्य मानलेल्या त्यांच्या बांधवांना मात्र शतकानुशतके मंदिराचे दार बंद होते. दार लावणारे स्वतःला नास्तिक म्हणवीत नव्हते. धर्म रक्षण करतो आहोत, असेच त्यांना वाटत होते.

1947 साली साने गुरुजी यासाठी पंढरपुरात उपोषणास बसले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. 1 मे रोजी सुरू झालेले ते उपोषण 10 मे रोजी सुटले, आणि मंदिर सर्वांना मोकळे झाले. दार उघडल्याने धर्म बुडेल असे सांगितले जात होते. आषाढीस आज जो जनसागर पंढरीत लोटतो, तोच त्या भीतीला उत्तर आहे.

घरात कसे वागावे

निष्ठा कोणती आणि नुसता हट्ट कोणता, हे ओळखण्याच्या काही खुणा सांगून ठेवतो.

(1) नेम चुकला की राग कोणावर येतो? आपला चुकल्यावर वाईट वाटते ती निष्ठा. दुसऱ्याचा चुकल्यावर कपाळाला आठी पडते, तिथे आपला अभिमान बोलू लागला असे समजावे.

(2) नेमाचे ओझे कोण वाहते? "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. मालकांचा उपवास, म्हणून घरच्या बाईने पहाटे उठून भगर टाकायची, शेंगदाण्याची आमटी करायची, आणि पोरांसाठी भाकरीचा तवा वेगळा ठेवायचा. उपवास याचा आणि शीण तिचा! एकादशीचे पुण्य मोजायचे झाले तर ते तिच्या वाट्याला निम्म्याहून अधिक जाईल. ज्याचा उपवास त्याने निदान आपले फराळाचे आपण करावे.

(3) देहाचा विचार आहे का? गर्भार बाई, अंगावर पाजणारी, म्हातारा, आजारी, यांच्यावर उपवास लादू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा माणूस उपाशी राहिला तर रक्तातली साखर एकाएकी उतरते, घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्धही हरपते. त्याने स्वतः हट्ट धरला तरी आधी डॉक्टरांना विचारावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याबरोबर मुळीच न खाणाऱ्यालाही योग नाकारला आहे.

(4) माळ घातल्यावर आईच्या हातचे अन्न विटाळले काय? मुलगा माळकरी होतो आणि ज्या आईने वाढविले तिच्या चुलीकडे नाक मुरडतो. मांसमत्स्य न खाणे हा त्याचा नेम, तो त्याने जरूर पाळावा. "आई, माझ्यापुरती भाजीभाकर वेगळ्या भांड्यात कर, नाहीतर मीच करून घेतो" असे गोडीने म्हणता येते. सुनेचेही तसेच. ती दुसऱ्या चालीच्या घरातून आलेली असते. तिला पहिल्याच महिन्यात माळ घाल म्हणून धाक घालण्याऐवजी, सासूबाईंनी तिला कीर्तनाला शेजारी बसवावे. तिला गोडी लागली तर ती आपणहून माळ मागेल.

(5) पोरांना संस्कार द्यावेत की नाही? अवश्य द्यावेत. हात धरून दिंडीत न्यावे, टाळ हाती द्यावा, गोष्टी सांगाव्यात. पण चुकला म्हणून मारू नये, आणि मोठा झाल्यावर त्याने विचारलेल्या शंकेला पाखंड म्हणू नये. अर्जुनाने शंका विचारल्या म्हणूनच गीता सांगितली गेली.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. दारू पिऊन घर मोडणाऱ्याला, बायकोवर हात टाकणाऱ्याला अडविणे ही धर्माची सक्ती नव्हे. तिथे "ज्याची त्याची मर्जी" म्हणून गप्प बसणे हा भेकडपणा होईल.

तात्पर्य

तेव्हा माणसे धर्म फार मनावर घेतात का, या प्रश्नाला उत्तर असे: स्वतःविषयी कितीही मनावर घ्यावा, तो जास्त होत नाही. दुसऱ्याविषयी मात्र सांगण्यापुरताच आपला अधिकार आहे. वारीच्या वाटेवर दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पायां पडतात. वाकण्याआधी कोणी कोणाला विचारीत नाही, तुमच्या एकादशा किती झाल्या आणि घरी माळ किती जणांना आहे. वाटेवरची ही रीत उंबऱ्याच्या आत आणली तर पुष्कळ घरांतली भांडणे मिटतील. ज्ञानोबारायांनी ग्रंथाच्या शेवटी देवाकडे दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचे दुष्टपण जावे आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळावे, हे मागितले. ते मागणे आपण रोज हात जोडून म्हणतो. घरातल्या माणसांना त्यातून वगळू नये.

मननासाठी

1. माझा कोणता नेम माझ्यापेक्षा घरातल्या दुसऱ्याला जड जातो?
2. मी घरात नसताना हरिपाठ होतो का? होत नसेल तर का?
3. अंबरीषाप्रमाणे व्रतही राहील आणि समोरच्याचा मानही राहील, अशी वाट माझ्या घरात कोणती?

रामकृष्णहरि.