त्याच त्या सवयी आणि आपले अंतर्मन



पापनिवेदनाला आलेली माणसे पुष्कळदा एकच वाक्य बोलून थांबतात : "फादर, मागच्या वेळचंच परत." हे वाक्य कुणा एकाचे नाही, म्हणूनच ते इथे लिहितो. दुसऱ्या फादरांपुढे मी गुडघे टेकतो तेव्हा माझेही तेच असते. दारू, तंबाखू, शिवीगाळ, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी चघळणे, रोझरी चालू असताना मोबाइल पाहणे... पुढची यादी ज्याची त्याने पूर्ण करावी.

यावर 'अंतर्मनाला नवे वळण लावा' असे सांगणारी पुस्तके खूप खपतात. जोसेफ मर्फी यांचे १९६३ सालचे पुस्तक तर मराठीतही आले आहे. झोपण्यापूर्वी चांगला विचार मनात घोळवा, अंतर्मन तो खरा करील, असा त्यांचा सल्ला. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. रात्रीची प्रार्थना करून झोपणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. पण अंतर्मन म्हणजे आपले हुकूम ऐकणारा गडी नव्हे. आपण काय बोलतो यापेक्षा आपला हात रोज काय करतो, यावरून ते शिकते.

हे ख्रिस्तसभेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७व्या अध्यायात संत पौल आपली इच्छा आणि आपली कृती यांची फारकत किती कळवळून मांडतो, ते घरी बायबल उघडून जरूर वाचा. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथात सवयींवर सहा प्रश्न खर्ची घातले आहेत (दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धात, ४९ ते ५४). सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला ते वाचताना मला डुलक्या येत. आज त्यातला ५३वा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो : सवय कशाने क्षीण होते? एक तर तिच्या उलट कृती केल्याने, दुसरे म्हणजे ती कृती दीर्घकाळ न केल्याने. नुसती चीड येऊन किंवा रडून सवय जाते, असे ते म्हणत नाहीत.

सवय लागते कशी, याचे सुंदर उदाहरण संत ऑगस्टीन यांच्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या ९व्या भागात आहे. गोष्ट त्यांच्या आईची, म्हणजे संत मोनिकाची. लहानपणी तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत. ओढ म्हणून नव्हे, तर निव्वळ पोरकटपणाने ती ओठ ओले करण्यापुरता घोट घेई. रोज थोडा वाढत वाढत तो जवळजवळ पेलाभर झाला. एके दिवशी सोबतच्या दासीशी भांडण झाले आणि दासीने तिला 'दारूडी' म्हणून टोमणा मारला. तो वर्मी लागला आणि मोनिकाने ते पिणे तिथेच सोडले. दासीला काही तिचे भले करायचे नव्हते. ऑगस्टीन म्हणतात, देवाने त्या रागाचेही औषध केले. आपल्या घरात कोणी आपल्याला असे टोचून बोलले, तर उत्तर देण्याआधी मोनिकाची आठवण ठेवावी.

सर्वांची सवय मात्र अशी एका टोमण्यात सुटत नाही. लंडनमधील संशोधकांनी २०१० साली ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाणे, पिणे, व्यायाम अशी एखादी नवी साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे उपवासकाळाचे ४० दिवस बहुतेकांना अपुरेच! ईस्टरच्या दुपारी काही जण चाळीस दिवसांची भरपाई एका बैठकीत का करतात, याचे उत्तर इथे सापडेल. त्याच अभ्यासातली दिलाशाची गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकला तरी केलेली मेहनत वाया जात नाही.

मग उपाय काय? संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापलेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात तो अगदी व्यवहारी भाषेत आहे. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी उठताच त्याबद्दल सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारी जेवणानंतर आणि पुन्हा रात्री, तासातासाचा हिशेब घ्यायचा आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके वहीतल्या त्या दिवसाच्या रेघांवर द्यायचे. पडलो त्या क्षणी हळूच छातीवर हात ठेवायचा. शेजारच्याला कळतही नाही. मग आजची रेघ कालच्या रेघेशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. बेसावध क्षण पकडायला याहून सोपे साधन मला ठाऊक नाही.

रिकामी जागा भरणेही आवश्यक असते. डब्लिनचे मजूर मॅट टाल्बट (१८५६–१९२५) यांनी १८८४ साली दारू सोडली, तीही आधी फक्त तीन महिन्यांसाठी. गुत्त्यातल्या संध्याकाळी त्यांनी चर्चमध्ये घालवल्या, कामाआधी रोजची मिस्सा धरली. तीन महिन्यांची शपथ पुढे जन्माची झाली. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' घोषित केले.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद करू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांकडे जावे. तो श्रद्धेचा अभाव नव्हे. सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हे कॅटेकिझमनेही मान्य केले आहे (क्र. १७३५). तेव्हा घरच्या व्यसनी माणसाला 'मनात आणलं तर सुटेल' असे ऐकवणाऱ्यांनी जरा थांबावे.

माझा ठिपका कशाचा, तेही सांगतो. एकदा दुपारी दोन वाजता बेल वाजली. दार उघडता उघडताच मी म्हणालो, "ऑफिसची वेळ बाहेर लिहिलीय ना?" आलेल्या माणसाची आई अत्यवस्थ होती, तो रुग्णाभ्यंगासाठी बोलवायला आला होता. मी लगेच निघालो, संस्कार वेळेत झाला. पण वाटेत तो एक शब्दही बोलला नाही. त्या रात्री मी वही केली. आता बेल वाजली की दाराशी जाईपर्यंत एक 'नमो मरिया' म्हणतो, मग कडी काढतो. या आठवड्यात गुरुवारच्या रेघांवर चार ठिपके आहेत, शुक्रवारच्या रेघांवर एक.